कपाटावर ठेवलेली रेहल

मी एक जुनी रेहल आहे, मित्रांनो. रेहल म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर लाजू नका. मला पाहून कुणी पाट म्हणतं, कुणी घडीचं स्टूल. एका पाहुण्याने तर मला बाहुलीची खुर्ची ठरवून टाकलं होतं! मी लाकडाची आहे. माझ्या दोन फळ्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. उघडल्या की मी फुलीसारखी उभी राहते. माझ्या वरच्या खोबणीत कुराण ठेवतात आणि समोर मांडी घालून वाचतात. पुस्तक जमिनीला लागू नये आणि वाचणाऱ्याची मान अवघडू नये, एवढंच माझं काम. काम लहान आहे, पण त्याचा मला फार अभिमान होता.

मला घडवलं एका तिरसट सुताराने. एका अखंड फळीतून घडवलं बरं का! खिळा नाही, सरस नाही, बिजागरी नाही. फळीच्या मध्यावर त्याने बोटांसारखे दाते कोरले, मग दोन्ही टोकांकडून फळी जाडीतून चिरत आणली आणि शेवटी हलक्या हाताने मला उकललं. त्या क्षणी बऱ्याच रेहली तडकतात आणि चुलीत जातात. मी तडकले नाही. सुतार मात्र कौतुकाचा एक शब्द बोलला नाही, नुसता शिंकला आणि मला खिडकीत ठेवून दिलं.

मला विकत घ्यायला एक शिंपी आला. सोबत त्याची छोटी मुलगी होती. समोरचे दोन दात पडलेले, फ्रॉकच्या खिशात चिंध्याच चिंध्या. घरात तिला गुड्डो म्हणत. सुतार शिंप्याला म्हणाला, "दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ताणू नका, तडकेल. आणि मिटून नुसती ठेवून देऊ नका, सांधा धरून बसेल. रोज उघडझाप झाली तर ही नातवंडांनाही पुरेल."

"माझ्या गुड्डोची आहे ही," शिंपी म्हणाला. "ती कसली ठेवून देतेय!"

काय दिवस होते ते! पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मध्ये सतरंजीवर मी. सकाळची नमाज झाली की अब्बा गुड्डोला शेजारी घेऊन बसत. ती अक्षरावर बोट ठेवून वाचायची, अडखळायची, जांभया द्यायची. चुकली की आतून अम्मीच आधी ओरडायची, "मागे जा, एक शब्द गिळलास!" अब्बा मोठ्याने हसत. थंडीत गुड्डो माझ्या पायांखाली आपली पावलं सरकवायची. ती पावलं गार असत, पण मला ती हवीहवीशी वाटत. तिने पहिल्यांदा कुराण पुरं वाचलं त्या दिवशी सगळ्या गल्लीला गोडधोड वाटलं. अब्बांनी माझ्यावर हात फिरवून म्हटलं, "तुझंही कौतुक हं." तेवढी शाबासकी मला जन्मभर पुरली असती.

पण मुली काय, मोठ्या होणारच. गुड्डो कॉलेजात गेली. दवाखान्यात रक्त तपासायचं शिकू लागली. पूर्वी ती नुसते शब्द वाचायची. आता अर्थाचं पुस्तकही शेजारी ठेवू लागली. वाचता वाचता मध्येच थांबायची. बोट अक्षरावर असे आणि नजर भलतीकडेच. तिच्या मनात काहीतरी घुसमटत होतं. मला ते रोज दिसत होतं, पण लाकडाला वाचा कुठून आणायची?

एका सकाळी तिने विचारलंच. "अब्बा, हे शब्द वरूनच आले, हे आपल्याला कसं कळतं?"

अब्बा काजं करत होते. त्यांचा हात थांबला.

"एका माणसाने ऐकले, माणसांनी पाठ केले, माणसांनीच लिहून ठेवले," ती म्हणाली. "आपण या घरात जन्मलो म्हणून हे देवाचं मानतो. दुसऱ्या घरात जन्मलो असतो तर दुसरं काही मानलं असतं ना? मला भांडायचं नाहीये, अब्बा. मला झोप लागत नाही."

तिचा आवाज कापत होता, मित्रांनो. तिच्या गुडघ्याचा थरथराट मला खाली सतरंजीतून जाणवत होता. अब्बांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उठले. कुराण कापडात गुंडाळलं, मला खटकन मिटलं आणि स्टुलावर चढून कपाटाच्या पार माथ्यावर ठेवून दिलं.

"या घरात पुन्हा हा प्रश्न नको," ते म्हणाले. "आणि मनात असं काही घेऊन या रेहलीसमोर बसायचंही नाही."

अम्मी हात पुसत बाहेर आली. "अहो, पोरीने विचारलंच ना? चोरी तर नाही केली!"

गुड्डो उठून आत गेली.

आता कपाटाच्या माथ्यावर कोण कोण होतं ते सांगते. एक रिकामी सूटकेस, एक पातं मोडलेला पंखा आणि मी. म्हणायला मानाची जागा, का तर उंच! आमच्या घरात पवित्र वस्तू उंचावर ठेवायची रीत. कुणाचा पाय लागू नये, कुणाची पाठ होऊ नये, म्हणून. रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण मित्रांनो, उंचावर नुसताच मान मिळतो, कुणाचा हात काही तिथे पोचत नाही. मला तिथून अब्बांचं विरळ होत चाललेलं डोकं दिसे, अम्मीचा भांग दिसे. चेहरा कुणाचाच दिसत नसे.

अब्बा आता एकटेच वाचत. कुराण रोज काढत, पण उशीवर ठेवून. अम्मी एकदा म्हणाली, "रेहल काढून घ्या ना." तर म्हणाले, "ती गुड्डोची आहे." ती गुड्डोची आहे हे आठवतंय, आणि गुड्डोला हाक मारायला जीभ रेटत नाही! रागाने मी जळून गेले असते, पण लाकडाने तसं बोलू नये.

गुड्डो घरातच होती, पण नसल्यासारखी. बापलेक बोलत, नाही असं नाही. भाजी आणली का, छत्री घेतलीस का, एवढंच. सकाळी वाचनाची वेळ झाली की ती मुद्दाम गच्चीवर कपडे वाळत घालायला जाई. मैत्रिणीला सांगावं तर ती घाबरेल, परक्याला सांगावं तर तो घराला हसेल. त्यामुळे तिने कुणालाच सांगितलं नाही. मग लांबच्या शहरात दवाखान्यात नोकरी लागली आणि ती निघून गेली. जाताना सूटकेस घ्यायला स्टुलावर चढली. तिची बोटं मला लागली. क्षणभर तिथेच राहिली. मला वाटलं, आता खाली घेईल. तिने सूटकेस घेतली आणि उतरली.

सूटकेसही गेली. उरले मी आणि पंखा, आणि पंखा तर नवा होता तेव्हाही फारसं बोलत नसे.

अम्मी अधूनमधून स्टुलावर चढून मला पुसायची. पुसता पुसता हळूच म्हणायची, "तू तरी धीर धर गं." मग अम्मी आजारी पडली, आणि एक दिवस घरात खूप माणसं आली आणि गेली. त्यानंतर मला कुणी पुसलं नाही. पावसाळ्यांची ओल माझ्या सांध्यात शिरली. दाते फुगले. सुताराने सांगितलं होतं तसंच झालं, माझा सांधा धरून बसला. आपण आता कधीच उघडणार नाही असं वाटू लागलं, आणि खरं सांगू, उघडून तरी कुणासाठी उघडायचं, असंही वाटू लागलं.

अम्मी गेल्यानंतर गुड्डो फार कमी येई. आली की स्वयंपाक करी, डबे भरून ठेवी, परत जाई. अशीच एकदा ती आलेली असताना सकाळी चहा घेऊन पुढच्या खोलीच्या दारात आली आणि थबकली.

अब्बा उशीवर कुराण उघडून पठण करत होते. मध्येच पान उलटत. पुन्हा पठण, पुन्हा पान. बाहेरच्याला काही वावगं वाटलं नसतं. पण गुड्डो याच घरात वाचायला शिकली होती. पुस्तक मधोमध उघडलेलं होतं, आणि अब्बांच्या तोंडचे शब्द शेवटच्या पानांवरचे होते. लहान मुलांकडून सगळ्यात आधी पाठ करून घेतात ते. तेवढेच, पुन्हा पुन्हा.

"अब्बा," ती म्हणाली, "तुम्हाला अक्षर दिसत नाही का?"

अब्बांनी पान उलटायला उचललेला हात तसाच राहिला. "सुईत दोरा ओवताना दिसलं नाही तर बोटांनी भागतं गं," ते म्हणाले. "इथे नाही भागत."

"कधीपासून?"

"तुझी अम्मी होती तेव्हा ती पान लावून द्यायची. मोठं अक्षर थोडंफार दिसायचं. आता तेही नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत!"

"कुठल्या तोंडाने सांगू?"

चहा निवत चालला होता. गुड्डो खाली बसली. "मी वाचून दाखवू?"

अब्बांनी विचारलं, "तुझी ती शंका गेली?"

"नाही गेली," ती म्हणाली. "खोटं नाही बोलणार. पण डोळे चांगले आहेत माझे."

मी वर जीव मुठीत धरून होते. आता हा माणूस पुन्हा उठेल आणि पुस्तक गुंडाळेल असंच मला वाटलं. अब्बा म्हणाले, "रेहल काढ."

नळाचा आवाज आला. वाचण्याआधी हातपाय, तोंड धुवायची आमच्याकडे रीत आहे, ती तिने कुणी न सांगता पाळली. मग स्टूल ओढलं, मला खाली घेतलं, धूळ झटकली. चार शिंका आल्या तिला. आणि तिने मला उघडायला दोन्ही हातांनी ताणलं.

कर्रर! माझ्या एका दात्याला चीर गेली. मी ओरडले असते तर गल्ली गोळा झाली असती.

"जोर नको, जोर नको!" अब्बा म्हणाले. "आण इकडे. आणि मशीनचं तेल दे."

त्यांनी मला मांडीवर घेतलं. माझा सांधा बोटांनी चाचपला, तेलाचा थेंब सोडला, थोडं हलवलं, थांबले. पुन्हा थेंब, पुन्हा थोडं. कापड न ओढता मशीनखालून सरकवत न्यावं तशी त्यांची बोटं चालली होती. आणि तसंच हळूहळू ते बोलू लागले.

"लोक माझ्याकडे कपडा आणतात. म्हणतात, इथे काचतंय. मी कधी गिऱ्हाइकावर ओरडलो का, की कपड्याला नाव ठेवू नकोस म्हणून? मी उसवून बघतो कुठे घट्ट होतंय ते. पोटची पोर आली आणि म्हणाली इथे काचतंय, तर तिला मी दुकानातून हाकललं."

तेलाचा थेंब पडला.

"मला उत्तर येत नव्हतं, गुड्डो. म्हणून ओरडलो."

"आता येतं?"

"सिद्ध करून दाखवता नाही यायचं. मला काय वाटतं तेवढं सांगतो. माणसाने लिहिलेलं वाचताना मी त्या माणसाला जोखतो. हे वाचताना मीच जोखला जातो. इतकी वर्षं वाचलं, माझी खुशामत एकदाही नाही केली. माणसाने लिहिलं असतं तर कुठेतरी ऐकणाऱ्याला लोणी लावलंच असतं." ते जरा हसले. "आणि दुसरं असं. पैगंबरसाहेबांनी पहिल्यांदा ते शब्द ऐकले तेव्हा ते काय मिरवत आले का? थरथरत घरी आले. म्हणाले, मला पांघरूण घाला. जो मनाने रचतो तो असा घाबरेल का गं?"

"घाबरणारा चुकूही शकतो, अब्बा. हा पुरावा नाही झाला."

"नाहीच. मी शिंपी आहे, वकील नाही." सांधा आता बराच सैल झाला होता. "पण त्यांच्या बायकोने काय केलं ते बघ. आधी पुरावा मागितला नाही, गप्प बस म्हणाली नाही. पांघरूण घातलं आणि ऐकून घेतलं. हे मी हजारदा ऐकलंय, लोकांना सांगितलंय. आणि तू थरथरत आलीस तेव्हा मी काय केलं? स्टुलावर चढलो!"

गुड्डोला हुंदका आला. अब्बांनी हात पुढे केला, पण तिच्या डोक्यावर जायचा तो कानावर पडला, कारण नीट दिसत नव्हतं. तेल तिच्या केसांना लागलं. ती रडता रडता हसली.

आणि मी उघडले, मित्रांनो! इतक्या वर्षांनी माझे पाय सतरंजीवर टेकले. अब्बांनी चिरलेल्या दात्याभोवती काजाचा काळा दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. गुड्डोने कुराण माझ्या कुशीत ठेवलं. किती दिवसांनी ते वजन! ती वाचू लागली. सवय गेलेली, अडखळत होती. एका ठिकाणी अब्बा म्हणाले, "मागे जा, एक शब्द गिळलास." दोघंही एकदम स्वयंपाकघराकडे वळली. तिथे कुणी नव्हतं. मग ती पुढे वाचू लागली.

थोड्या वेळाने ती थांबली. "हे मला नाही पटत, अब्बा."

"बोट तिथेच ठेव," अब्बा म्हणाले. "आणि सांग, काय नाही पटत."

तिची शंका गेली का, असं तुम्ही मला विचाराल. मला माहीत नाही. ती आता सुट्टी मिळाली की येते, एवढं माहीत आहे. बाकीच्या दिवशी मी आणि अब्बा दोघंच असतो. ते माझ्यासमोर बसून पाठ असलेलं म्हणतात, आणि बाहेर रिक्षा थांबली की मध्येच कान टवकारतात. एकटं वाटतंच. पण आता वाट कुणाची बघायची ते आम्हाला ठाऊक आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो, जे तुम्हाला फार मोलाचं वाटतं ते हात पोचेल असं ठेवा. कुणी थरथरत प्रश्न घेऊन आलं तर त्याला आधी शेजारी बसवा. आणि माझ्यासारखी जुनी रेहल कुठे सापडली तर ताणू नका, थोडं तेल सोडा.

त्या दोऱ्याच्या गाठीमुळे मी आता पूर्वीसारखी खटकन मिटत नाही. बोटभर फट राहतेच. गुड्डो म्हणाली, सुताराकडे नेऊ या का? अब्बा म्हणाले, "राहू दे. अशीच बरी आहे."