लोकरीचं वजन

मी बाळांचा वजनकाटा बोलतोय. जरा चढ्या आवाजात बोलतोय, राग मानू नका. आजवर माझ्यावर वाकून पुष्कळांनी पाहिलं, माझं ऐकून मात्र फार थोड्यांनी घेतलं.

कारखान्यात माझा जन्म झाला. वर पांढरं पारडं, खाली गोल तबकडी आणि तिच्यावर एक लाल सुई, एवढाच माझा देह. तिथला तपासनीस मोठा खडूस होता. त्याने माझ्या पारड्यात एकेक माप ठेवलं, चष्मा पुसून पुसून सुई पाहिली आणि मगच मला दाराबाहेर सोडलं. जाताना पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, आणि कुणाची भीड धरू नकोस." मी नाही धरली. माझा गुन्हा असेल तर तोच.

या दवाखान्यात खिडकीशेजारच्या टेबलावर माझी जागा आहे. मंगळवार हा बाळांचा दिवस. लस टोचायची, डोकं आणि लांबी मोजायची, वजन करायचं आणि कार्डावर लिहायचं. कार्डावर वर चढत जाणारी रेघ असते. बाळाची रेघ तिच्याबरोबर चढली की आई नकळत माझ्या पारड्यावरून हात फिरवते. रेघ आडवी झाली की तीच आई माझ्याकडे असं बघते, जणू मीच तिच्या बाळाचं दूध पिऊन टाकलं! काही आज्या तर हळूच पारड्याच्या काठावर बोट टेकवतात. चांगली दोनशे ग्रॅमची वाढ एका बोटात!

पहिल्या मोठ्या सिस्टर कडक होत्या. "बोट काढा आजी, तुमचं वजन नंतर करू," म्हणायच्या. कपडे उतरवल्याशिवाय बाळ पारड्यात येत नसे. त्या निवृत्त झाल्या आणि नव्या सिस्टर आल्या. स्वभावाने लोणी. थंडी सुरू झाली, बाळं कुडकुडायला लागली, तेव्हा त्यांना दया आली. "राहू दे गं स्वेटर. सर्दी होईल त्याला. थोडाफार फरक पडेल, त्याने काय होतंय?"

त्याने काय होतं, तेच सांगायला मी तोंड उघडलंय.

गुब्बू नावाची एक मुलगी यायची. गालांवरून घरच्यांनी ठेवलेलं नाव. चार महिन्यांची असताना उघड्या अंगाने माझ्या पारड्यात पडली होती, पाच किलो नऊशे. हातपाय असे झाडायची की सुई स्थिर व्हायला मला दम लागायचा. मग तिच्या आईला डब्यांच्या कारखान्यात परत कामावर जावं लागलं आणि गुब्बूला आजी घेऊन यायला लागली.

पाचव्या महिन्यात गुब्बूच्या अंगात जाड झबलं होतं, सहा किलो शंभर. सहाव्यात स्वेटर आणि टोपी, सहा किलो तीनशे. सातव्यात स्वेटर, टोपी, मोजे आणि वरून दुपटं, साडेसहा. रेघ चढत होती, मंद का होईना. सिस्टर म्हणाल्या, "हळूहळू वाढतेय, वाढू दे." आजी खूश. बाकावरच्या बायकाही कौतुक करायच्या. "काय गुणी पोर आहे हो! रडत नाही की हातपाय हलवत नाही."

गुणी! माझ्या स्प्रिंगमध्ये कळ उठायची ते ऐकून. सात महिन्यांचं बाळ आधार देताच बसायला बघतं, दिसेल ते ओढतं, तोंडात घालतं. ही नुसती पडून राहायची. माझ्या पारड्यातून तिने एकदाही खिडकीकडे हात केला नव्हता. पण मला सांगता येतो फक्त आकडा, आणि पारड्यात जे ठेवाल त्याचाच सांगता येतो.

पंधरा दिवसांनी राहिलेल्या लसीसाठी आजी पुन्हा तिला घेऊन आली. वजनासाठी माझ्याकडे आणताना गुब्बूने अंगातले सगळे कपडे भिजवले. बदलायला दुसरे नव्हते. सिस्टरने ते उतरवले आणि तिला तशीच पारड्यात ठेवली.

पाच किलो आठशे.

सिस्टरने मला टिचकी मारली. पाच किलो आठशे. त्यांनी गुब्बूला उचललं, माझा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आहे का पाहिली, पुन्हा ठेवलं. पाच किलो आठशे.

आजी उसळली. "मागच्या खेपेला साडेसहा होती ना हो? पंधरा दिवसांत पोर विरघळली की काय? काटाच बिघडलाय तुमचा!"

"जुना झालाय खरा," सिस्टर पुटपुटल्या.

"मग टाका की अडगळीत. चार पोरं वाढवलीत मी, काटा बघून नाही वाढवली!"

बाकावरची एक बाई म्हणाली, "मलाही वाटलंच. माझ्या बाळाचं पण कमीच दाखवतो मेला."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी घाबरलो. अडगळीला नाही. मला खोटं ठरवून ही मंडळी घरी गेली, तर या पोरीचं काय होणार होतं? सिस्टरचा हात माझ्या पारड्याखाली आला. मला उचलून आत ठेवलं असतं तर प्रश्न मिटला असता, त्यांची चूकही झाकली गेली असती. पण त्यांची नजर गुब्बूच्या मांडीवर गेली. कपड्यांत कधी न दिसलेली मांडी, कातडीच्या वळ्या पडलेली. त्या थांबल्या.

"आजी, बसा. आलेच मी."

त्या समोरच्या किराणा दुकानात गेल्या आणि दोन व पाच किलोची लोखंडी मापं घेऊन आल्या. मागोमाग दुकानदारही आला, मजा बघायला. माझ्यात दोनचं माप ठेवलं, सुई दोनवर. पाचचं ठेवलं, पाचवर. इकडे नाही की तिकडे नाही.

"अहो, हा तर माझ्या काट्यापेक्षा सरळ निघाला," दुकानदार म्हणाला आणि बायका हसल्यावर जीभ चावून निघून गेला.

मग सिस्टरने आजीकडून कोरडं राहिलेलं दुपटं मागितलं. ते, आणि गुब्बूच्या भिजलेल्या कपड्यांऐवजी दुसऱ्या बाळाचे तसेच कोरडे मोजे, टोपी, स्वेटर मागून, सगळं माझ्या पारड्यात ठेवलं. आठशे ग्रॅमच्या रेघेला सुई जरा कमी पडली.

तीन महिने पोर वाढलीच नव्हती. वाढली होती ती लोकर.

"चूक माझी आहे," सिस्टर म्हणाल्या. "कपडे काढायला हवे होते मी." मग खुर्ची आजीच्या जवळ ओढून त्यांनी विचारलं, "घरी काय काय घेते ही?"

"बाटलीभर दूध घेते की! दाट पचत नाही लहान जीवाला, म्हणून निम्मं पाणी घालते. अन्न दात आल्यावर देणार. आमच्यात..." आजीने गुब्बूला छातीशी ओढलं. "मी उपाशी ठेवली हो हिला?"

"तुम्ही जपलंत. पण पाण्याने पोट भरतं, अंग भरत नाही."

डॉक्टरांनी तपासलं. आजार नव्हता, भूक होती. संध्याकाळी गुब्बूची आई कामाच्या कपड्यांतच धावत आली. सिस्टरने दोघींना समोर बसवलं. आईने कामाला जाण्याआधी आणि आल्यावर अंगावर पाजायचं, मधल्या वेळेसाठी दूध पिळून स्वच्छ वाटीत झाकून ठेवायचं. बाटली बंद, पाणी घातलेलं दूध बंद. दात येवोत न येवोत, शिजवून कुस्करलेलं अन्न सुरू करायचं, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट, वर थोडं तेल. आणि दर आठवड्याला वजन.

"उघड्या अंगाने," आजी म्हणाली. कुणी विचारायच्या आधीच.

पहिल्या आठवड्यात शंभर ग्रॅम. दुसऱ्यात दीडशे. तिसऱ्यात ती आजारली, सुई हललीच नाही. आजीचा चेहरा उतरला, पण माझ्या काठाला तिने बोट लावलं नाही. दहाव्या महिन्यात गुब्बूने माझी सुई पकडायला काचेवर चापट मारली. सिस्टर ओरडल्या, "अगं, फोडशील!" मी म्हटलं, फोड, खुशाल फोड.

परवा ती वर्षाची झाली. पारड्यात निजायला साफ नकार. काठ धरून उभीच राहिली, मी डुगडुगलो, सुई सैरावैरा. सिस्टर, आई आणि आजी, तिघींनी मिळून कसंबसं बसवलं. सात किलो आठशे. अजून थोडी मागे आहे, पण रेघ तिची स्वतःची आहे. बाकावर आजी एका नव्या आईला दटावत होती, "काढ गं ती टोपी! लोकर मोजायला आलीस का?"

आता माझ्या पारड्याचा रंग उडालाय. आकडे चमकणारा नवा काटा येणार आहे म्हणे. येऊ दे. माझी तक्रार नाही. खोली उबदार करा, पण बाळाला उघडं करूनच त्याच्यात ठेवा. आकडा आवडला नाही तर त्याला टिचक्या मारण्याआधी बाळाकडे नीट बघा. आणि एवढं मात्र बजावून सांगतो, माझ्या जागी कुणालाही आणा, पण गोड बोलणारा आणू नका.