ठकीच्या खोलीची कडी

ठकी ओरडायला लागली ती रविवारी सकाळी, सत्यशीला भाकरी थापत होती तेव्हा. भूक लागल्यावर मांजर ओरडतं तसं नव्हे. पोटातून, लांबलचक, तान्हं पोर कुठंतरी अडकून पडलंय असं वाटावं असं. सत्यशीलानं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि आधी उठून दार लावलं.

तिचा नवरा रामहरी ओसरीवर चहा पीत होता. त्यानं खिडकीतून नुसती मान आत घातली आणि निदान करून टाकलं.

"माजावर आलीय."

करणारच निदान. काष्टीच्या आसपासच्या वस्त्यांवर हा माणूस बावीस वर्षं गाई भरवत हिंडत होता. मोटरसायकलला मागं नायट्रोजनची टाकी बांधलेली, टाकीत वळूच्या वीर्याच्या कांड्या, आणि खिशातला मोबाईल सदा वाजता. गाय दाव्याला कशी उभी आहे हे बांधावरून बघून तो सांगायचा, आत्ता भरवायची की संध्याकाळी. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता, प्रशिक्षण घेतलेला साधा माणूस होता, पण डॉक्टर म्हणणाऱ्याला त्यानं कधी अडवलंही नाही. कशाला अडवेल?

सत्यशीलाचा चेहरा मात्र उतरला. कारण ठकीला माज येणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ होता. दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीनं तिला उडवलं, कंबर मोडली. सत्यशीलानं चाळीस दिवस तिला खोक्यात ठेवून कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. हाड जुळलं, पण वाकडं. गेल्या दिवाळीत पिल्लं अडली ती त्यामुळंच. श्रीगोंद्याच्या जनावरांच्या डॉक्टर पंकजा मॅडमनी तीन मेलेली पिल्लं ओढून काढली आणि हात धुता धुता सांगितलं, "हिच्या कंबरेतून पिल्लाला वाट नाही. परत गाभण राहिली आणि दिवस भरले, तर मी काही करू शकणार नाही. अंगात रक्त भरू दे, मग पिशवीच काढून टाकू."

रक्त भरायला चार महिने लागले. ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलं होतं. आणि आज रविवारी ही अशी.

सत्यशीलानं फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "माजावर असताना कापलं तर रक्त जास्त जातं, आणि हिच्याकडं जास्तीचं रक्त नाही. उतरू द्या. आठ दिवस लागतील, दहाही लागतील. तोवर घराबाहेर पाऊल पडता कामा नये. आणि मेडिकलमधून कसली गोळी आणून देऊ नका, पिशवीत पू होतो."

"दहा दिवस?" रामहरी बाजूनं हसला. "गाईचा माज एक दिवस न्हाई टिकत."

"ती गाय न्हाई," सत्यशीला म्हणाली आणि कामाला लागली.

मागची कांदे ठेवायची खोली तिनं रिकामी केली. मोरीच्या भोकात वीट कोंबली. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पोत्यांची बोचकी ठासली. खिडकीच्या जाळीला तारेचे चार वेढे घातले. घमेल्यात माती, वाटीत पाणी, कोपऱ्यात जुनं लुगडं. ठकी जमिनीवर लोळत होती, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर उचलत होती, आणि गळा काढत होती. सोमवारी दुपारपर्यंत तिनं घर डोक्यावर घेतलं.

आणि बोका आला. कान तुटलेला, मानेला पोत्यासारखी कातडी असलेला दांडगा बोका, गोठ्याच्या भिंतीवर येऊन बसला आणि हलेचना. रामहरीनं पाणी मारलं, दगड मारला. बोका उठायचा, चार पावलं जायचा, परत तिथंच. शेजारचे आप्पासाहेब बांधावरून म्हणाले, "रामहरी, जन्मभर जनावरं भरवत आलास, आन् आता अडवतूयास व्हय?" रामहरीला ते लागलं, पण तो हसला. आप्पासाहेबांच्या गोठ्यात अकरा गाई होत्या.

मंगळवारी सत्यशीलाला संगमनेरला जावंच लागलं. भाचीचा साखरपुडा, सख्ख्या भावाचं घर. एक मुक्काम. निघताना तिनं खोलीच्या कडीवर हात ठेवला.

"अवो, मी येईस्तोवर ही कडी निघाली न्हाई पायजे. दूध द्यायला गेलात तर आत जाऊन आधी दार लावायचं, मग वाटी ठेवायची. ओरडू द्या कितीबी. आन् तुमचं गाईचं शहाणपण हितं चालवू नका."

"जा गं बाई. बावीस वर्षं काय झक मारली का मी?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग एसटीला गेली.

मंगळवार त्यानं कसाबसा काढला. दोन वस्त्यांवर जाऊन आला तरी कानात तोच गळा. परत आल्यावर बोका भिंतीवर, आणि आत जाळीला नख्यांची खरखर. बुधवारी सकाळीही तेच. मग अकराच्या सुमाराला आवाज बंद झाला.

रामहरी दाराशी कान लावून उभा राहिला. काहीच नाही. तो आत गेला, दार लावलं, सांगितलं होतं तसं. ठकी लुगड्यावर पसरली होती. तिनं अंग चाटलं, वाटीतलं दूध संपवलं, त्याच्या हाताला डोकं घासलं आणि डोळे मिटले. त्यानं पाठीवर हात ठेवून बघितलं. शेपूट बाजूला नाही, पाय रोवणं नाही. भिंतीवर बोकाही नव्हता.

गाय गप्प झाली, वैरणीला लागली, पाठीवर हात ठेवू देईना, म्हणजे माज गेला. हे त्यानं हजार गोठ्यांत बघितलं होतं आणि हजार जणांना सांगितलं होतं. तीन दिवस झाले, म्हणजे गाईच्या तिप्पट झालं की. त्याला बरंच वाटलं. सत्यशीला आली की सांगू, तुझ्या मॅडमचे दहा दिवस तीन दिवसांत संपले.

पत्र्याखाली ऊन तापलं होतं. खोलीत मातीच्या घमेल्याचा वास कोंडला होता आणि ठकी तोंड उघडून धापा टाकत होती. त्याला तिची दया आली, हेही खरंच आहे. तेवढ्यात फोन वाजला. आप्पासाहेबांची जर्सी माजावर होती, सकाळपासून हंबरत होती, लगेच या. रामहरीनं टाकी बांधली, आणि जाताना वारं यावं म्हणून खोलीचं दार वीतभर उघडं ठेवून गेला.

पाऊण तासानं तो परतला. कांडी नीट बसली होती, आप्पासाहेबांनी चहा पाजला होता, मन प्रसन्न होतं. अंगणात मोटरसायकल बंद केली आणि तोच आवाज आला. गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीकडून. गळा काढणं नव्हे, एकच किंकाळी, कापल्यासारखी.

तो धावला. गंजीच्या आडोशाला तुटक्या कानाचा बोका उडी मारून दूर झाला होता, आणि ठकी जमिनीवर लोळत, अंग चाटत होती. मानेवरचे केस ओले होते. रामहरीला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानं तिला उचललं. तिनं मनगटावर चार ओरखडे काढले, त्यानं सोडलं नाही. खोलीत नेलं, कडी घातली, आणि कडीला पाठ लावून खाली बसला. आत ठकी परत ओरडायला लागली होती, सकाळसारखीच. म्हणजे माज गेलाच नव्हता. नुसती दम खात होती बिचारी, आणि त्यानं स्वतःच्या हातानं दार उघडून तिला मरणाच्या वाटेला लावलं होतं.

त्यानं मॅडमना फोन लावला आणि ठकी बाहेर निसटली, बोक्यानं गाठलं, एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मांजराचा माज असाच असतो, मध्येच शांत बसतं. आता दोनचार दिवसांत ओसरेल. सोमवारी आणा. गर्भ धरला असेल तर पिशवीसकट काढू, वाढू देऊन चालणार नाही. पण पिशवीचा रक्तपुरवठा वाढलेला असणार. धोका वाढला, हे मी लपवत नाही."

संध्याकाळी सत्यशीला आली तेव्हा त्यानं चपलांकडं बघत सगळं सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवी ठेवली, खोलीत गेली आणि आतून कडी लावली. चार दिवस तिनं त्याला जेवायला वाढलं, हवं-नको विचारलं, आणि त्यापलीकडं एक शब्द बोलली नाही. त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि विचारायचीही सोय नव्हती.

सोमवारी ठकी शांत होती. खरीखुरी शांत. या वेळी ते ठरवायला रामहरीला कुणी विचारलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर आप्पासाहेब बसलेले, राखणीच्या कुत्र्याला घेऊन. त्यांच्याशेजारी काष्टीचेच आणखी दोघं. "डॉक्टर, तुमी हितं?" आप्पासाहेब चेष्टेनं म्हणाले, "तुमाला कशाला दवाखाना लागतूय?"

रामहरीनं ठकीची टोपली बाकावर ठेवली. पंकजा मॅडम टोपली घ्यायला बाहेर आल्या. त्यांनी ठकीच्या हिरड्या दाबून बघितल्या आणि कपाळाला आठी घातली. "फिकट आहे अजून. इतकं बजावलं होतं. कुणी सोडलं हिला?"

बाकावरची माणसं बघायला लागली. रामहरीनं तोंड उघडण्याआधी सत्यशीला म्हणाली, "माझ्याच हातनं दार उघडं ऱ्हायलं, मॅडम. घाईत हुते."

तिचा आवाज सरळ होता. चार दिवस त्याच्याशी न बोललेली बाई त्याची चूक झाकत होती. अकरा गाईंच्या मालकासमोर, गावातल्या माणसांसमोर, तिनं ते आपल्या अंगावर घेतलं. रामहरीला जमिनीत जावंसं वाटलं. गप्प बसला असता तर तिथंच मिटलं असतं.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "ही तर गावालाच नव्हती. मी उघडलं. ती गप झाली, मला वाटलं गाईगत उतरला माज. हिनं सांगितलं हुतं उघडू नका म्हनून. मी ऐकलं न्हाई."

आप्पासाहेबांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि दुसरीकडं बघितलं. मॅडम टोपली घेऊन आत गेल्या.

सव्वा तास लागला. मध्ये एकदा मदतनीस बाई घाईघाईनं कापसाचा गठ्ठा घेऊन आत गेली, तेव्हा सत्यशीलानं पदर तोंडाशी धरला. रामहरी मनगटावरचे ओरखडे बघत बसला. ते सुकले होते.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "रक्त बरंच गेलं," त्या म्हणाल्या. "मध्ये दहा मिनिटं माझीच खात्री नव्हती. पण श्वास चांगला चाललाय. आजची रात्र उबेत ठेवा. टाके चाटू देऊ नका, दहा दिवस कोंडूनच ठेवायची."

सत्यशीलानं टोपलीत हात घातला. ठकीचं अंग गार होतं, पोट हलत होतं. तिनं अंगावरची शाल काढून टोपलीवर घातली. मग टोपली उचलून नवऱ्याच्या हातात दिली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"धरा नीट. दहा दिवस, ऐकलं न्हवं? मोजायचं मी."

"तूच मोज," रामहरी म्हणाला.