अयुमीचा काळा डबा

सुमित्राकाकूंनी सदुसष्ट वर्षांत कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायच्या, पण रिकामं? छे! रिकामं भांडं पाठवायचं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतायचं, असं आईनं सांगितलेलं, आणि आईनं सांगितलेलं तपासून बघायची काकूंची रीत नव्हती.

अशा या बाईला मुलगा यशोधन एप्रिलमध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला घेऊन आला, सहा महिन्यांसाठी. सकाळी तो आणि सून नेत्रा कामावर जात, नात अनया शाळेत. काकूंना ड्राइव्ह करता येत नव्हतं, आणि तिथं गाडीशिवाय माणूस म्हणजे दिवाणखान्यातली खुर्ची. फुटपाथ तेवढा होता. त्यावरून चालता चालता काकूंना शोध लागला, की अर्धी गल्ली जपानी आहे. लांब नाही असा एक जपानी गाड्यांचा मोठा कारखाना होता, त्यामुळे तिकडची कुटुंबं तीन-चार वर्षांसाठी यायची आणि परत जायची. दार उघडं दिसलं की आत चपला ओळीनं लावलेल्या. "चला, पायताणं घालून स्वयंपाकघरात फिरणाऱ्यांतली तरी नाहीत," काकू म्हणाल्या.

शेजारची अयुमी त्यांच्यातलीच. पस्तिशीच्या आतली, तीही ड्राइव्ह न करणारी; तिची मियू अनयाच्या वर्गात. मे महिन्यात काकूंनी तिला स्टीलच्या डब्यातून नारळाच्या वड्या दिल्या. दोन दिवसांनी, दुपारी तीन वाजता, अयुमी दारात हजर. काकूंचा डबा घासूनपुसून लख्ख, त्यात तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. शिवाय फुलाफुलांच्या फडक्यात बांधलेला स्वतःचा एक काळा डबा, त्यात गोड पाव. काकूंनी पाव मोडला आणि आत चक्क पुरण! लाल चवळीसारख्या कुठल्याशा दाण्याचं, पण पुरणच.

"अगं नेत्रा, आपल्यातलीच आहे गं ही! भांडंसुद्धा रिकामं पाठवत नाही."

आता तो काळा डबा काकूंकडे राहिला. तो रिकामा कसा जाणार? गेल्या त्यातून साटोऱ्या. चार दिवसांत तोच डबा भाताचे गोळे घेऊन परत. मग शंकरपाळे. मग केक. मे गेला, जून गेला, जुलै गेला, डबा आपला दोन घरांमधली हिरवळ तुडवतोय.

तीन वाजायला आले की काकू तोंडावर पाणी मारून, टिकली लावून, बरी साडी नेसून बसायच्या. अयुमी दारातच वाकायची, काकू हात जोडायच्या, दोघी हसायच्या आणि दार लागायचं. दोघींचं इंग्रजी एकत्र केलं तरी एक वाक्य पुरं होत नसे. पण काकूंसाठी म्हणून दार वाजवणारं तिथं तेवढं एकच माणूस होतं. खोटं कशाला बोला, काकू त्या बेलवर जगत होत्या.

शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी काकू बेसन भाजत होत्या. अनया दप्तर टाकून ओट्याशी आली.

"आजी, डोन्ट मेक इट. मियूची मम्मा क्राइज."

"का गं? बरं नाही का तिला?"

"तुझा बॉक्स आला की शी क्राइज. त्यांच्यात गिफ्ट आलं की परत द्यावंच लागतं. एव्हरी टाइम. शी इज सो टायर्ड, आजी. मियूनं मला सांगितलं, इट्स अ सीक्रेट."

काकूंनी गॅस बंद केला. संध्याकाळी नेत्रानंही दुजोरा दिला. तिच्या ऑफिसात एक जपानी बाई होती. भेटीची परतफेड केल्याशिवाय त्या लोकांना चैन पडत नाही, म्हणे. काकू भांडं परत करत होत्या, आणि अयुमीच्या लेखी दर वेळी नवी भेट येत होती. अनयाकडून आणखी कळलं, अयुमीच्या नवऱ्याला एकच रविवार मोकळा, तोही जपानी दुकानात काय न्यावं हे शोधण्यात जायचा. घ्या! करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"जिला मैत्रीण समजले तिला मी छळत बसले!" काकूंना लाजही वाटली आणि रागही आला, स्वतःचाच.

"अहो आई, एवढं काय त्यात? डबा त्यांच्या पोर्चवर ठेवून या, विषय संपला."

विषय संपेल हीच तर भीती होती. डबा भरून द्यावा तर पोरीचा जीव जातो, रिकामा द्यावा तर बेल कायमची गप्प.

दुसऱ्या दिवशी काकूंनी डबा धुतला, पुसला. हात साखरेच्या बरणीत गेला. चिमूट उचलली. चिमूटभर साखरेपायी ही पोरगी आता काय शोधत हिंडेल, असं मनात आलं आणि चिमूट परत बरणीत पडली. "आई, माफ कर गं," काकू मोठ्यानं म्हणाल्या.

अयुमीनं दार उघडलं. डबा बघून ती हसली खरी, पण आज काकूंना त्या हसण्यामागचं थकलेलं तोंड दिसलं. त्यांनी तिच्यापुढे झाकण काढलं.

"नो मोअर," काकू म्हणाल्या. "फिनिश."

अयुमीनं डब्यात पाहिलं, मग काकूंकडे. तिचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. ती खूप खाली वाकली, डबा घेतला आणि दार लागलं. घरी येऊन काकू रडल्या, आणि अनया यायच्या वेळेला उठून पोहे केले.

गुरुवारी बेल वाजली नाही. शुक्रवारीही नाही. तीन वाजता हात मात्र टिकलीकडे जायचाच. "कुणासाठी नटतेस गं थेरडे?" आरशाला विचारून झालं.

सोमवारी तीन वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. कुरिअरवाला असेल, म्हणत काकूंनी दार उघडलं. अयुमी होती. डबा नाही, फडकं नाही. शाळेत बाईंना धुतलेले हात दाखवावेत तसे तिनं दोन्ही तळवे पुढे धरले होते, आणि तोंड लाल झालं होतं.

"एम्प्टी," ती म्हणाली.

"ये गं बाई, ये!"

तिनं चपला काढून ओळीनं ठेवल्या आणि पहिल्यांदा आत आली. काकूंनी चहाचं आधण ठेवलं. सवयीनं हात लाडवांच्या डब्याकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला, दोन कप भरले आणि तिच्यासमोर बसल्या.