बर्फाखालचा चिखल

गरम पाण्यानं बर्फात पाडलेलं भोक थोडा वेळ जरी मोकळं सोडलं, तरी पुन्हा गोठू लागतं. म्हणून अंटार्क्टिकातल्या त्या छावणीत काम थांबत नसे, आणि ड्रिल सांभाळण्यात नायरी पोटिकीचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. बर्फाखाली समुद्र, समुद्राच्या तळाशी चिखल. तो वर काढण्यात न्यूझीलंडच्या या मंडळींचे दोन उन्हाळे वाया गेले होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात चिखल हाती आला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात उन्हात वाढणाऱ्या शेवाळाचे कण दिसले. म्हणजे एके काळी इथं बर्फ नव्हता, उघडा समुद्र होता. छावणीत जल्लोष झाला. जेवणं आटोपल्यावर छावणीप्रमुख क्रॉम्बीनं नायरीला बाजूला बोलावलं.

"तुझे वडील गेले. निरोप रविवारीच आला होता."

"सोमवारी विमान आलं होतं," नायरी म्हणाली. "डिझेलची पिंपं मीच उतरवून घेतली. रिकामं परत गेलं ते."

"तू गेली असतीस तर भोक गोठलं असतं. सगळ्यांची मेहनत गेली असती, तुझीसुद्धा. तुझ्या वडिलांनाही हेच पटलं असतं."

"माझ्या वडिलांना तुम्ही कधी भेटलात?"

क्रॉम्बीनं छावणीचा फोन तिच्यापुढं सरकवला.

तिनं न्यूझीलंडला, ब्लफमधल्या घरी भावाला फोन लावला. माती होऊन गेली होती. त्यांच्या माओरी माणसांत मयताला घटकाभरही एकटं ठेवत नाहीत. माती होईपर्यंत लेकरांनी उशाशी बसायचं.

"तुझी जागा मोकळी ठेवली होती," तामे म्हणाला. "लोक विचारत होते, थोरली कुठंय? मी सांगितलं, विमान नाही."

"विमान होतं, तामे. मला कळवलंच नाही."

तो म्हणाला, "आईला नको सांगूस. तुझ्याच कामावरच्या माणसांनी असं केलं हे ऐकून ती खचेल."

नायरीनं तक्रार केली. चौकशी झाली आणि क्रॉम्बीला समज देण्यात आली. पुढच्या वर्षी त्याच शोधासाठी त्याला पदक मिळालं.

त्याआधीच, उन्हाळा संपल्यावर, ती घरी पोचली तेव्हा आई तिला कबरीवर घेऊन गेली. तिथं आई एवढंच म्हणाली, "शेजारची पोरं पार समुद्रापलीकडून, पर्थहून आली. तुला तेवढं विमान मिळालं नाही."

नायरीनं तामेकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"यायचंच नव्हतं तुला," आई म्हणाली. फाटकापाशी तिनं रीतीप्रमाणे हात धुतले आणि लेकीसाठी न थांबता गाडीत जाऊन बसली.