माशांच्या टाकीमागून

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे आणि जगातली सगळी ज्ञानगंगा माझ्यातूनच वाहते. सध्या ती दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीमागून वाहते, कारण माझ्या दोन शिंगांमुळे भिंत वाईट दिसते असे सासूबाईंचे मत पडले. वर त्यांनी स्वतः विणलेला रुमालही पांघरला.

आमच्यात पिढ्या असतात. मी चौथ्या पिढीचा. नवा होतो तेव्हा सासऱ्यांनी मला शेजारीपाजारी मिरवले होते. त्या दिवसापासून क्षणभर स्वस्थ बसलेलो नाही. माझे दिवे लुकलुकतात ते हौसेने नव्हे, जीव टांगणीला लागलेला असतो म्हणून. इकडे सासऱ्यांच्या बातम्या, तिकडे सासूबाईंची मालिका, दारावरचा कॅमेरा, आणि पार मागच्या खोलीत सूनबाई.

सूनबाई खाणाखुणांच्या भाषेची दुभाषी. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना डॉक्टरांचे बोलणे ती पडद्यावरून हातांनी सांगते. चित्र थिजले की वाक्यच थिजते. मागे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही." तिच्या हातांनी 'ऑपरेशन' सांगितले आणि नेमका माझा दम तुटला. पलीकडच्या आजीबाई रडू लागल्या. दवाखान्याने बजावले, पुन्हा असे झाले तर दुसरी दुभाषी बघू.

घरात सभा भरली.

"सहाव्या पिढीचाच आणू," सासूबाईंचा मुलगा म्हणाला. "चारापेक्षा सहा मोठे."

"पाचव्याने काय घोडं मारलंय?" सासऱ्यांनी विचारले.

"बाबा, पाचवा पळतो जोरात, पण भिंत आडवी आली की त्याला धाप लागते," सूनबाई म्हणाली. "माझ्या खोलीपर्यंत दोन भिंती. सहाव्याला जोरात पळणे आणि भिंत ओलांडणे, दोन्ही चाली येतात, आणि एका वेळी चौघांना सांभाळतो."

"चौघांना सांभाळायला मी आहे की," सासूबाई म्हणाल्या.

सहावा आला. चार शिंगांचा, तुकतुकीत. मी नुसत्या हेव्याने तापलो. त्याला बसवला माझ्याच शेजारी, टाकीमागे. एक रुमाल दोघांना पुरेना, म्हणून सासूबाईंनी मोठा विणला.

डॉक्टरांनी त्याच आजीबाईंना पुन्हा वेळ दिली होती. त्यांचा फोन यायच्या आधी सूनबाईने नणंदेला व्हिडिओ फोन लावून पाहिला.

"वहिनी, आवाज येतोय, पण तुझा पुतळा झालाय गं!"

"आता सातवा आणावा लागणार," मुलगा म्हणाला.

सूनबाई उठली, तिने सहाव्याला टाकीमागून ओढून काढले आणि दोन भिंतींच्या मधल्या बोळात स्टुलावर ठेवले.

"अहो आई, पाणी सगळं गिळतं. माझं बोलणं तुमचे मासे ऐकतायत."

"पण दिसतं कसं ते!"

"दिसू दे. आजींना माझे हात दिसायला हवेत."

फोन आला. मी टाकीमागे श्वास रोखून होतो. 'ऑपरेशन' गेले, आणि त्याच्या पाठोपाठ 'नको'सुद्धा गेले. आजीबाईंचे हसू बोळातून थेट मागच्या खोलीत पोचले. इतकी वर्षे मी बाद झालो नव्हतो, नुसता आडोशाला होतो!

मला भंगारातच काढायचे होते, पण दारावरचा जुना कॅमेरा सहाव्याशी बोलेना. म्हणून राहिलो.

मित्रांनो, राऊटर निवडताना पिढी जरूर पाहा, पण आधी घराच्या भिंती पाहा, आणि आणलात की त्याला उघड्यावर बसवा. जुन्यांनाही टाकू नका. एवढे जमले नाही तरी चालेल. फक्त सासूबाईंना कुणीतरी सांगा, तो मोठा रुमाल आता दुहेरी घडी करून माझ्या एकट्यावर आहे. तेवढा काढा. फार उकडतंय.