हात लपवणाऱ्या बायका

तेहतीस-चौतीस सालची गोष्ट. रत्नागिरीच्या बंदरालगत तेव्हा काजूचा एक कारखाना होता. भाजलेल्या बिया फोडायला पेठकिल्ल्याकडच्या बायका येत. चिमा त्यांची मुकादमीण. ती स्वतः बरीच वर्षं बिया फोडायला बसलेली, त्यामुळे टरफलातलं तेल कातडीचं काय करतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. आधी बोटं काळी पडतात, मग साल सुटते, मग भेगांत तेल शिरतं आणि जेवतानासुद्धा हात भगभगतो.

एका हंगामात एकीचा हात चिघळला. तेव्हापासून चिमा रोज सकाळी सगळ्यांचे हात बघू लागली. जिचा हात फुटलेला दिसे, तिला ती गरांची साल काढायला बसवी. त्या कामात तेल लागत नसे. हात भरून आला की ती बाई परत फोडायला. बायका आपणहून तळवे पुढे करत.

शेठांच्या वतीने कारखाना महिपतराव बघत. त्यांनी एकदा विचारलं, "साल काढायला इतक्या जणी कशाला?"

"हात फुटलेत त्यांचे. बरे होईस्तोवर बसवलंय."

"मग घरी बसून बरे करू देत. तू रोज बघतेसच. फुटका हात दिसला की परत पाठवायचं."

"घरी बसून त्या खातील काय, रावसाहेब?"

दुसऱ्या दिवशी महिपतराव स्वतः दारात उभे राहिले, आणि चिमाने दोघींना परत पाठवलं.

त्यानंतर कुणाचाच हात फुटेना. खोबरेलात काजळी कालवून बायका भेगा बुजवून येत. आधीच काळ्या पडलेल्या हातांवर ती कळतही नसे, पण चिमाला कळे. तळवा धरला की खालची कातडी गरम लागायची. ती "बस" म्हणायची आणि पुढच्या बाईकडे वळायची. निदान आज हिची चूल पेटेल, असं मनाशी म्हणायची.

त्यांच्यातल्या मथुराचा नवरा मुंबईला गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यापासून त्याच्याकडून काही येत नव्हतं. एका सकाळी तिने हात पुढे केला तेव्हा अंगठ्याजवळ टरटरून सूज होती.

"दुखतंय काय गो?" चिमाने हळूच विचारलं.

"नाय."

दारात महिपतराव होते. चिमा म्हणाली, "बस."

दोन-तीन दिवसांनी मथुरा आली नाही. संध्याकाळी चिमा तिच्या घरी गेली. मथुरा तापाने फणफणलेली होती आणि हात कोपरापर्यंत सुजला होता. चिमाने शेजारची बैलगाडी जोडायला लावली आणि तिला सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी हात वाचवला, पण अंगठा काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर मथुराने विचारलं, "तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

मथुराने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी महिपतरावांनी मथुराच्या जागी नवी बाई आणायला सांगितलं. चिमा म्हणाली, "प्रत्येकीसमोर राख आणि खोबरेल ठेवा. हाताला चोळल्याबिगर कुणी फोडायला बसणार नाय. आणि हात बघून मी कुणाला घालवणार नाय. घालवायचं तर दुसरी मुकादमीण बघा."

महिपतरावांनी दोन्ही केलं. राखेला पैसे पडत नव्हते आणि तेलही थोडंच लागणार होतं, म्हणून ते आलं. मुकादमीणही दुसरी आली. चिमा परत बायकांच्या ओळीत बिया फोडायला बसली. राखेमुळे हात कमी फुटू लागले. पण बायका तिच्याशी पूर्वीसारख्या बोलेनात. शेजारची बाई हात उलटा करूनच राखेत घाली, तळवा तिला दिसू देत नसे.

मथुरा खेडकडे माहेरी जायला निघाली, त्या सकाळी चिमा तिच्या घरी गेली. मथुरा लुगड्यांचं गाठोडं बांधत होती. अंगठ्याविना गाठ बसत नव्हती. तिने दातांनीही ओढून पाहिलं.

चिमा खाली बसली आणि तिने गाठोडं आपल्याकडे ओढलं. मथुराने ते सोडलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. चिमाने गाठ मारली.

"सैल मार," मथुरा म्हणाली. "तिकडे मलाच सोडायचीय."