माळ्याचा खटला शिरगावात

मी एक जुनं रहस्यकथेचं पुस्तक आहे, मित्रांनो. मुखपृष्ठावर रक्ताळलेला सुरा आहे, पण घाबरू नका, स्वभावाने मी मवाळ आहे. १९७४ साली छापखान्यातून निघालो आणि थेट पालघरच्या एका वाचनालयात आलो.

तिथले ग्रंथपाल अण्णा भारी शिस्तीचे. पुस्तक परत करताना मागच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा, आणि तोही सभासदानेच, असा त्यांचा नियम. माझ्यावर काय काय लिहिलं गेलं म्हणून सांगू! 'दिवा मालवायची हिंमत झाली नाही.' 'माळी खुनी निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.' तारापूरच्या कारखान्यातल्या एका साहेबांनी तर 'शेवट बिनतोड' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग मला शिरगावच्या पुष्पलताने नेलं. ती सातवी शिकलेली. दुपारी बोंबील वाळत घातले की कोळीवाड्यातल्या बायका काठ्या घेऊन कावळे हाकत बसायच्या, आणि ती मोठ्याने वाचायची. तिची सासू राहीबाई. तिला अक्षरओळख नव्हती, पण मत मात्र प्रत्येक प्रकरणाला तयार! शेजारच्या मैनाबाईचा संशय डॉक्टरवर, तर राहीबाईचा पहिल्यापासून वकिलावर. या दोघींच्या वादात कावळ्यांचं चांगलंच फावायचं.

पाचव्या दिवशी शेवटचं प्रकरण आलं. माझ्यातला वकील साक्ष देतो, की अमावास्येच्या मध्यरात्री माळी समुद्रकाठच्या बंगल्याच्या भिंतीखालच्या वाळूवरून पळताना त्याने पाहिला. गुप्तहेर ते खरं मानतो आणि माळी फासावर जातो.

राहीबाईने काठी खाली ठेवली.

"आवसेला त्या येलेला भरतीचं पानी भिंतीला लागतं. वालू हाय कुठं? वकील खोटं बोलतो. खून त्यानंच केला."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके शिकलेले लोक मला वाचून गेले, एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

राहीबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गरिबाला उगाच फासावर दिला, हेच तिचं चाललेलं. तिने सुनेला सांगितलं, हे पुस्तकात लिही, म्हणजे पुढच्यांना तरी कळेल. पुष्पलता अडचणीत सापडली. दुसऱ्याचं मत लिहिलं म्हणून अण्णांनी सभासदत्व काढून घेतलं तर? दिवसभरातला वाचनाचा तो एकच तास तिचा स्वतःचा होता. तरीही तिने लिहिलं, सासूच्या नावाने, सासूच्याच शब्दांत.

व्हायचं तेच झालं. अण्णांनी वाचलं, तिचं कार्ड खणात टाकलं आणि तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्या दिवसांत कोळीवाड्यात नुसतेच कावळे हाकले गेले असतील.

पण अण्णा मला पुन्हा पुन्हा काढून ते पान वाचत होते. शेवटी अमावास्येला भर दुपारी मला पिशवीत घालून ते एसटीने शिरगावला आले. पाणी थेट घरांच्या खालच्या बांधाला लागलं होतं. मध्यरात्रीही एवढंच असतं का, असं त्यांनी विचारलं. समुद्र दिवसातून दोनदा भरतो, दुपारी येतो तसाच रात्रीही येतो, असं राहीबाईने सांगितलं, आणि वर हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही का म्हणून हसली.

अण्णा तिथेच ओट्यावर बसले. माझ्या मागच्या पानावर तिच्या मताखाली त्यांनी लिहिलं: 'स्वतः जाऊन पाहिलं. राहीबाईंचं बरोबर आहे.' पुष्पलताचं कार्ड परत दिलं, आणि राहीबाईच्या नावाचं एक नवं कोरं कार्ड पुढे केलं.

राहीबाईने कार्डाकडे पाहिलंही नाही. "माली सुटला ना पन?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "सुटला."

आता माझा कणा सैल झालाय, मित्रांनो, पण मी सुखात आहे. एकच मागणं आहे. माझी पानं दुमडलीत तर एक वेळ चालेल, पण मागचं ते पान फाडू नका. ते गेलं, तर माळी पुन्हा फासावर जाईल.